कॅपिटॉलच्या हिरवळीवर दगड कसा बसवावा

तुम्ही अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचे आमदार आहात, निवडणूक तोंडावर आली आहे आणि दाखवण्याजोगं काम काही झालेलं नाही, तर सरळ ग्रॅनाइटवाल्याकडे जा. बायबलमधल्या, देवाने मोझेसला दिलेल्या दहा आज्ञा कोरून घ्या आणि कॅपिटॉलच्या, म्हणजे विधानभवनाच्या आवारात उभ्या करा. सरकारने धर्म प्रस्थापित करू नये असं राज्यघटनेची पहिली दुरुस्ती सांगते खरी. पण ती १७९१ सालची. एवढ्या जुन्या गोष्टी कोण वाचतो? (आज्ञा त्याहून जुन्या आहेत, हा मुद्दा कुणी काढला तर विषय बदला.)

पैसे मात्र सरकारी नकोत. ओक्लाहोमात २०१२ साली बसवलेल्या दगडाचा खर्च एका आमदाराच्या कुटुंबाने उचलला होता. तिथे 'सॅबथ'चं, म्हणजे आज्ञांतल्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाचं, स्पेलिंगच चुकलं होतं, तेव्हा शुद्धलेखन आधी तपासून घ्या.

मतदारांपुढे दगड म्हणजे देवाची वाणी आणि कोर्टात गेला की निव्वळ इतिहास, एवढं पाठ असू द्या. अलाबामाचे सरन्यायाधीश रॉय मूर यांना ते जमलं नाही. २००१ मध्ये त्यांनी रातोरात न्यायालयाच्या इमारतीत सुमारे २,४०० किलोंची शिळा बसवली आणि खटला उभा राहिल्यावर, ही ईश्वराच्या सार्वभौमत्वासाठीच आहे, असं सांगून मोकळे झाले. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा त्यांनी फारच मनावर घेतली. २००३ मध्ये शिळाही हलली आणि खुर्चीही गेली.

दगड जुना मिळाला तर उत्तम. २७ जून २००५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी दोन निकाल दिले. केंटकीच्या कोर्टांत नव्याने टांगलेल्या आज्ञा घटनाबाह्य ठरल्या, टेक्सासचा १९६१ चा दगड मात्र वाचला. त्याच्याबद्दल चाळीस वर्षं कुणी तक्रार केली नव्हती, हे निर्णायक मत देणाऱ्या न्यायमूर्ती ब्रेयर यांना महत्त्वाचं वाटलं. तेव्हा शेजारी सोशिक बघा.

खरी डोकेदुखी पुढे आहे. तुम्हाला जागा मिळाली की मागे रांग लागते. ओक्लाहोमात सैतानाच्या नावाने चालणाऱ्या एका संस्थेने बकऱ्याच्या तोंडाच्या बॅफोमेटचा पुतळा देऊ केला आणि एका हिंदू संस्थेने चक्क मारुतीराया! घाबरू नका. यूटातल्या प्लेझंट ग्रोव्हने समम नावाच्या पंथाचा दगड नाकारला, तेव्हा २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की सार्वजनिक बागेतलं कायमचं स्मारक हे सरकारचंच बोलणं असतं. काय बोलायचं ते सरकार ठरवेल. म्हणजे खर्चाचा प्रश्न आला की दगड खाजगी, मारुती दारात आला की तोच दगड सरकारी. दोन्ही कागद वेगवेगळ्या फायलींत ठेवा.

काँक्रीटचे खांबही आधीच रोवा. आर्कान्सात २०१७ मध्ये एकाने चोवीस तासांच्या आत मोटार घालून दगड फोडला, तेव्हा कुठे नव्या दगडाभोवती खांब आले.

आणि मतदारांना काही विचारू नका. सार्वजनिक मालमत्ता धर्मासाठी वापरू नये, या ओक्लाहोमाच्याच राज्यघटनेतल्या कलमावर बोट ठेवून तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तो दगड हलवायला लावला. चिडलेल्या आमदारांनी ते कलमच रद्द करण्याचा प्रस्ताव २०१६ मध्ये मतदानाला टाकला. तो पडला.