टेकडी एक, घाबरण्याच्या पायऱ्या अनेक

वेताळ टेकडीवर सायकल चालवायची हौस पुण्यात पुष्कळांना आहे आणि त्यांना सल्ला द्यायची हौस उरलेल्या पुण्याला. "देवाने पाय दिलेत की!" हे वाक्य मला चढावर ऐकायला मिळतं आणि उतारावरही.

परदेशात म्हणे वाटांना रंग असतात. हिरवी नवख्यांची, निळी मधल्यांची, काळी पोचलेल्यांची. आमच्या टेकडीवर रंग एकच, मुरमाचा. त्यामुळे सगळे एकाच घसरड्या वाटेवर.

परवा गिअर नाही, सस्पेन्शन नाही अशी सायकल दामटत एक शाळकरी पोरगा "काका, साइऽऽड!" ओरडत खाली गेला. पडलं की लागतं, ही बातमी त्याच्यापर्यंत अजून पोचलेली नाही. माझा भाचा दुसऱ्या टोकाचा. तो एकाच कातळावरून पुन्हा पुन्हा उतरतो, कारण मागचं चाक 'नीट बसलं नाही'. टायरमधली हवाही मुद्दाम कमी करतो, पकड येते म्हणून. आम्ही जन्मभर दुकानात जाऊन टणक हवा भरून घेतली!

मधल्या मधे मी. काय काय होऊ शकतं ते सगळं ठाऊक, आणि ते टाळायचं कसं ते अर्धवट. सीट खाली, बूड मागे, पेडल समांतर, ब्रेकवर एकच बोट, हे पाठ आहे. उतार दिसला की चारही बोटं आपोआप ब्रेकवर जातात.

"मामा, दगडाकडे बघू नकोस. जायचंय तिकडे बघ."

जायचं होतं घरी. ते कोथरूडला.

माउंटन बायकिंगचं हे वेड निघालं कॅलिफोर्नियातून. १९७६ साली माउंट टॅमल्पायसजवळच्या उतारावर तिथली पोरं जुन्या, जाड टायरच्या अवजड सायकली सोडायची. एका उतारात मागच्या चाकाच्या मध्यभागी असलेल्या ब्रेकमधलं ग्रीस जळून धूर निघायचा, मग तो खोलून पुन्हा ग्रीस भरायचं. शर्यतीचं नावच पडलं 'रीपॅक'. आमच्या आईने त्यांना कार्टी म्हटलं असतं. १९९६ला अटलांटात त्याच खेळाला ऑलिंपिक पदकं मिळाली.

कातळ मी उतरलो. चाकं जमिनीवरच होती, पोट मात्र क्षणभर मागे राहिलं. भाचा म्हणाला, "ब्रेक सोडला असतास तर सोपं गेलं असतं." मी लगेच वळून पुन्हा वर निघालो. का, ते विचारू नका.

संध्याकाळी गुडघ्यांची पॅड घ्यायला गेलो. दुकानदाराने विचारलं, "लेव्हल कोणती? बिगिनर की ॲडव्हान्स्ड?"

बायको म्हणाली, "त्यांचं वय विचारा. लेव्हल आपोआप कळेल."