टेकडी स्वतःच्या मालकीची कशी करावी

पुण्यात जागेचे भाव कुठे जाऊन पोचलेत हे तुम्हांला सांगायला नको. दोन खोल्यांसाठी माणूस वीस वीस वर्षांचे हप्ते गळ्यात बांधून घेतो. अशा शहरात अख्खा डोंगर, वर मोर, खाली शहराचा देखावा, आणि सातबारा, खरेदीखत, मुद्रांक शुल्क यांतलं काहीही न करता तो आपल्या मालकीचा होतो म्हटलं, तर तुम्ही मला वेड्यात काढाल. पण वेताळ टेकडीवर हा व्यवहार रोज पहाटे होतो. पंचवटीकडून चढा, गोखलेनगरातून चढा, नाहीतर लॉ कॉलेजच्या मागून. वरच्या पठारावर पोचेपर्यंत तुम्ही मालक झालेले असता. फक्त पद्धत माहीत हवी.

मालकीला पुरावा लागतो तो जुनेपणाचा. वर कोणी अनोळखी भेटलं की नमस्कार वगैरे न करता आधी विचारायचं, "किती वर्षं येताय?" समोरून जो आकडा येईल त्यात पाच मिळवून आपला सांगायचा. "आम्ही येत होतो तेव्हा इथे एआरएआयसुद्धा नव्हतं" हे वाक्य हुकमी आहे. मात्र मोटारगाड्यांच्या चाचण्या घेणारी ती संस्था 1966 सालची असल्यामुळे साठीच्या आतल्यांनी ते जरा जपून वापरावं.

आता तुम्ही सायकलवाले आहात असं धरू. म्हणजे साधी सायकल नव्हे. जाड टायर, पुढे सस्पेन्शन, दोन्हीकडे डिस्क ब्रेक. एवढा खर्च केल्यावर ती सपाट रस्त्यावरून चालवणं हा पैशांचा अपमान आहे, तेव्हा टेकडी हवीच. घंटी लावू नका. लाखाच्या सायकलला शेदीडशेची घंटी शोभत नाही, शिवाय वजन वाढतं. चढताना सायकल खांद्यावर घ्या, वनखात्याने दुचाक्या अडवायला लावलेल्या फिरत्या फाटकावरून ती उचलून पलीकडे ठेवा आणि मग अलीकडून स्वतः फाटकातून या. दुचाकी फाटकातून गेलीच नाही, त्यामुळे नियम मोडला असं कोणाला म्हणता येणार नाही.

उतरण्यासाठी वेळ निवडा सकाळी साडेसहाची. दुपारी तीन वाजता टेकडीवर चिटपाखरू नसतं, वाट मोकळी असते, आणि म्हणूनच त्या वेळी उतरण्यात काही अर्थ नाही. हेल्मेटवर कॅमेरा आहे तो काय रिकामी वाट दाखवायला? सायकलवाल्यांच्या वेळा मोजणाऱ्या स्ट्राव्हा या ॲपवर त्या उतारावर आपला नंबर दुसरा लागतोय, आणि पहिल्या नंबराच्या आड काही सेकंद उभे आहेत. ते सेकंद कुठे मिळतात, तर गिरीपुष्पाच्या दाटीतल्या वळणावर ब्रेक न दाबता.

त्याच वळणावर तुम्ही चालणारे आहात असंही धरू. म्हणजे सायकलवाल्यांना खलनायक ठरवून तुम्हांला मोकळं सोडलं असं व्हायला नको. टेकडीवर उभं राहून गप्पा मारायला पठार आहे, कठडे आहेत, देवळापाशी बसायला जागा आहे. पण नातवाच्या व्हिसाचा विषय निघतो तो नेमका वळणावर, जिथे वाट दोन फुटांची आहे आणि पुढचं काही दिसत नाही. पाच जणांनी तिथे गोल करून उभं राहावं. एकाने हात फिरवण्याचा व्यायाम करावा, दुसऱ्याच्या खिशात अभंग मोठ्याने लागलेले असावेत, कुत्र्याची साखळी सोडलेली असावी. मग वरून खडखडाट येतो, मुरमाचे खडे उडतात आणि दोन्ही पक्षांना आपापली हक्काची सकाळ मिळते.

"अहो, ही काय पद्धत झाली?"

"सॉरी काका."

"काका कोणाला म्हणतोस रे?"

"सॉरी, दादा."

"वनखात्याची जागा आहे ही. सायकली आणायला बंदी आहे."

"मग काय, तुमच्या नावावर आहे का?"

इथे कोणीतरी कायदा काढतोच, तेव्हा तो घरून वाचून येऊ नका. भारतीय वन अधिनियम 1927 सालचा. त्याच्या 26 व्या कलमात राखीव वनात विनापरवाना शिरणं आणि गुरं चारणं हे एकाच ओळीत बसवलंय. आत शिरलेल्याच्या पायात बूट होते की पायाखाली पॅडल, हे त्या कलमाने विचारलेलं नाही. आता वेताळ टेकडी काही सगळीच राखीव वन नाही, थोडी वनखात्याची, थोडी पालिकेची, थोडी खाजगी. त्यामुळे वीस पावलांत तुम्ही नागरिक, अतिक्रमी आणि पाहुणे असे तिन्ही होऊ शकता. ही माहिती भांडणात उपयोगाची नाही. ती दोघांनाही लागू पडते.

वाट बिघडवण्याचं काम मात्र मिळून करायचं असतं, आणि यात पुणेकरांमध्ये जी एकी दिसते ती अन्यत्र क्वचितच. सायकलवाल्याने उतारावर फक्त मागचा ब्रेक आवळावा. थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो, मागचं चाक नुसतं आवळलं की ते घसरतं. पण घसरताना कसं फर्मास वाटतं! चाकामागे चार बोटं रुंद नाळ उमटते. मे महिन्यात ती नाळ म्हणजे नुसती रेघ. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस पडला की पाणी वाट शोधत येतं, त्याला ही रेघ सापडते आणि ऑगस्टपर्यंत तिचा ओहोळ झालेला असतो. खालचा काळा खडक उघडा पडतो, वरची वीतभर माती वाहून पायथ्याच्या सोसायटीच्या गटारात जाते. गटार तुंबलं की सोसायटीने पालिकेला शिव्या द्याव्यात.

चालणाऱ्यांनी हातावर हात ठेवून बसू नये. नागमोडी वाट ज्याने कोणी पाडली तो रिकामटेकडा होता असं समजून दोन वळणांच्या मधून सरळ खाली उतरावं. अशी उभी वाट म्हणजे पावसाला दिलेला उतरता जिना. वाट बांधणाऱ्या लोकांचा एक साधा हिशेब आहे. डोंगराचा जेवढा उतार, त्याच्या निम्म्याहून वाटेचा चढ जास्त नसावा, आणि वाटेची बाहेरची कड किंचित खाली झुकलेली असावी. म्हणजे पाणी वाटेवरून आडवं निघून जातं, वाटेतून वाहत बसत नाही. असली वाट टिकते. पण ती लांब पडते, आणि व्यायामाला आलेल्या माणसाला चार पावलं जास्त चालवणं बरं दिसत नाही.

पावसाळ्यात वाटेत चिखल झाला तर मधून जाऊ नका, बूट खराब होतात. कडेच्या गवतावरून जा. पुढच्या आठवड्यात तिथेही चिखल होईल, तेव्हा त्याच्या कडेने. दोन फुटांची पायवाट दिवाळीपर्यंत बैलगाडीला पुरेल एवढी होते, मग आपण सायकलवाल्यांना विचारायला मोकळे, की बघा काय केलंत. परदेशात याची मोजमापं झाली आहेत, बूट आणि टायर यांनी होणारी झीज साधारण सारखीच भरते, घोड्याचे खूर तेवढे जास्त नासधूस करतात. हे वाचायला मिळालं तर विसरून जा. घोड्याशी भांडायला आपल्याकडे घोडा कुठाय?

समतल चरांबद्दलही सांगायला हवं. पाणी मुरावं म्हणून उताराला आडवे चर खणतात आणि निघालेल्या मातीचा बांध खालच्या अंगाला घालतात. सायकलवाल्याला तो बांध दिसला की उडी दिसते. चालणाऱ्याला तो दिसला की पायरी दिसते. दोन मोसमांत बांध मधोमध फुटतो, आणि सगळ्या चराचं पाणी त्या एका खिंडारातून बाहेर पडतं. ज्या कामासाठी चर खणला त्याच्या बरोब्बर उलटं काम तो करायला लागतो. मला विचाराल तर टेकडीवरची ही सर्वांत मनोहर जागा आहे. तिथे उभं राहिलं की दोन्ही पक्ष एकमेकांचं काम किती समजून करतात ते दिसतं.

पक्ष्यांची काळजी करू नका, ते दोघांनाही मतदान करत नाहीत. टिटवी उन्हाळ्यात उघड्या मुरमावर अंडी घालते, बहुधा चार, रंगाने मुरमासारखीच. घरटं म्हणजे चार खड्यांचा खळगा. रातवा तर तेवढाही खटाटोप करत नाही. टिटवी डोक्यावरून घिरट्या घालत ओरडायला लागली, तर सायकलवाल्याने समजावं की ती मोकाट कुत्र्याला ओरडतेय, कुत्रेवाल्याने समजावं की ती सायकलला ओरडतेय, आणि झाडं लावणाऱ्या मंडळाने तिथेच खड्डा खणून रोप लावावं. गवताळ उतार म्हणजे ओसाड जमीन, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलंय.

हे सगळं पुण्याचंच वैशिष्ट्य आहे असं वाटून छाती फुगवू नका. डोंगरावर सायकल दामटण्याचा उद्योग जिथे वाढीला लागला त्या कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत हेच भांडण जोरात झालं. 1970 च्या दशकात तिथली पोरं माउंट टॅमलपायस परिसरातल्या उतारांवरून जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली सोडायची. एका उताराखाली पोचेपर्यंत मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून धूर निघायचा. मग पायी फिरणारे संतापले, घोडेवाले संतापले, आणि ज्या डोंगराने ही सायकल जगाला दिली त्याच्याच बहुतेक अरुंद वाटा तिला बंद झाल्या. रुंद रस्त्यांवर परवानगी, तीही ताशी 15 मैल, आंधळ्या वळणावर 5. तिकडे वाटांच्या तोंडाशी एक त्रिकोणी पाटी असते: सायकलने सगळ्यांना वाट द्यावी, चालणाऱ्याने घोड्याला. आपल्याकडे ही पाटी लावायची तर घोड्याच्या जागी कोण, यावरून पहिल्याच बैठकीत दोन ज्येष्ठ नागरिक संघ उठून जातील.

अमेरिकेतल्याच टाहो सरोवराच्या बाजूला त्याहून सोपं केलंय. तिथल्या लांब वाटेच्या एका टप्प्यावर सायकली फक्त सम तारखेला जातात. विषम तारखेला चालणाऱ्यांनी निर्धास्त चालावं. हा तोडगा पुण्यात सुचवायला हरकत नाही, कारण सम-विषम तारखेचा पुणेकराला दांडगा सराव आहे. पी-वन, पी-टूच्या पाट्या गल्लोगल्ली आहेत आणि कोणत्या तारखेला कोणत्या बाजूला गाडी लावायची हे प्रत्येकाला पाठ आहे. तसं लावत कोणी नाही, पण पाठ आहे.

एका गोष्टीपासून मात्र सावध राहा. टेकडीवर मधूनमधून तिसरा पक्ष येतो. त्याच्या हातात नकाशा असतो, सोबत तिपाईवर बसवलेली दुर्बीण, आणि डब्यात लाल रंग. बालभारती ते पौड फाटा हा टेकडीच्या अंगावरून जाणारा रस्ता कित्येक दशकं कागदावर आहे, नंतर त्याच्या जोडीला बोगदे आले. आजूबाजूच्या तेवीस गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडलं, त्यात किती बांधू द्यायचं यावर वर्षानुवर्षं खल चालला. 2023 च्या एप्रिलमध्ये तर या रस्त्याविरुद्ध लोक मोर्चा काढून बसले. असले प्रसंग शक्यतो टाळावेत. मोर्चात चालणारा, सायकलवाला आणि कुत्रेवाला एकाच फलकाखाली येतात, कोण किती वर्षं येतो हे कोणी विचारत नाही, आणि मालकीहक्काची जी काय घडी इतक्या मेहनतीने बसवलेली असते ती एका सकाळीत विस्कटते.

त्यापेक्षा असं करा. मोजणीवाले दिसले की त्यांच्याशी भांडायला जाऊ नका. त्यांना फक्त विचारा, की साहेब, या आराखड्यात सायकलींना परवानगी आहे का? ते हसून कागद उलगडतील. नव्या रस्त्याच्या आडव्या छेदाच्या चित्रात डावीकडे रुंद पदपथ दाखवलेला असेल, त्याला लागून सायकलींसाठी वेगळा पट्टा, मधे झाडांची ओळ. चालणाऱ्यांची वाट वेगळी, सायकलवाल्यांची वेगळी, आंधळं वळण एकही नाही, चिखल नाही, टिटवी नाही. इतक्या वर्षांचं भांडण एका कागदावर मिटलेलं पाहून दोन्ही पक्षांनी तिथल्या तिथे सह्या कराव्यात. फक्त त्या सायकलींच्या पट्ट्यावर चारचाकी सम तारखेला लावायच्या की विषम, तेवढं आधीच लिहून घ्या.