‘संथ किलोमीटर वाया जातात’ म्हणे!

पहिल्या फुल डिस्टन्स ट्रायथलॉनची तयारी करणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला जोरात फिरतोय: तासन्‌तास संथ सायकल आणि रनिंग म्हणजे वेळेची नासाडी. आठवड्यातून तीन कडक इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, मग विश्रांती, असं पुन्हा-पुन्हा) करा, चार महिन्यांत रेस पूर्ण होते. संथ सराव करणारा संथच राहतो. 3.8 किमी पोहणं, 180 किमी सायकल आणि 42.2 किमी धावणं ज्याच्यापुढे आहे, त्याने हे मानण्याआधी थोडं थांबावं.

‘इंटरव्हलने कमी वेळात तेवढाच फायदा होतो, हे सिद्ध झालंय.’ पुरावा म्हणून 1996 चा जपानी संशोधक ताबाता यांचा अभ्यास दाखवतात. 20 सेकंद जीव तोडून, 10 सेकंद विश्रांती, असं सहा आठवडे. व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते माप) वाढला, हे खरंच. पण अभ्यास तरुण खेळाडू विद्यार्थ्यांवर झाला होता, आणि त्यांनाही आठवड्यातून एक दिवस सलग अर्धा तास एकाच वेगाने सायकल होती. ही ओळ पुढे पाठवताना गळते.

मुळात या रेसमध्ये व्हीओटू मॅक्सच्या जवळपासही कोणी जात नाही. बहुतेक ठिकाणी कटऑफ (रेस संपवायची मुदत) 17 तासांचा असतो, आणि पहिल्यांदा उतरणारे बरेच जण 12 तासांच्या पुढेच जातात. इथे खरी अडचण इंधनाची. स्नायू आणि यकृतातलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, ढोबळमानाने 2000 कॅलरींचं. सायकलवर तासाला 500-600 कॅलरी सहज जळतात. तासाला 60 ग्रॅम कार्ब्स पोटात टिकले तरी त्यातून मिळतात 240. उरलेल्यातलं जितकं चरबीतून येईल तितकं ग्लायकोजेन मॅरेथॉनसाठी शिल्लक राहतं. चरबी जाळायची ही क्षमता वाढते ती मायटोकॉन्ड्रिया (पेशींतले ऊर्जा तयार करणारे भाग) आणि स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढल्यामुळे. इंटरव्हलनेही त्या वाढतात, नाही असं नाही. पण इंटरव्हल आठवड्याला किती करणार? दोन-तीन झाले की पाय दगड होतात. संथ सराव मात्र आज करून उद्या पुन्हा करता येतो, आणि बेस, म्हणजे दमाचा पाया, बांधला जातो तो या पुन्हा-पुन्हामुळेच.

‘संथ सराव करणारा संथच राहतो.’ न्यूझीलंडचा धावपटू पीटर स्नेल याने 1960 साली रोममध्ये 800 मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, 1964 ला टोकियोत 800 आणि 1500 दोन्ही. त्याचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड बेसच्या काळात आठवड्याला 160 किमीच्या आसपास पळवायचे. दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीसाठी! तो वेग रमतगमत नव्हता, हेही सांगायला हवं. पण इंटरव्हल नंतर यायचे, बेस आधी.

या तक्रारीमागे एक खरी गोष्टही आहे. अनेकांचा ‘संथ’ सराव संथ नसतोच. हृदयाचे कमाल ठोके काढायच्या 220 वजा वय या सूत्रावर झोन टू (संथ सरावाचा पट्टा) ठरवतात. ते सूत्र एखाद्या माणसासाठी दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं. मग दम लागेल इतकं जोरात, पण वेग वाढेल इतकं नाही, अशा मधल्या पट्ट्यात महिने जातात. पूर्ण वाक्यं न अडखळता बोलता येतायत का, एवढं पाहिलं तरी पुरतं. चढावर चालावं लागलं तर चालावं. लाज कसली?

‘हृदय तयार झालं की शरीर येतंच मागोमाग.’ नाही येत. स्नायूबंध आणि हाडं भार पेलायला स्नायूंपेक्षा कितीतरी जास्त वेळ घेतात, म्हणूनच दम टिकतो आणि पोटरी दुखते.

पोहण्याबद्दल या सल्ल्यात चकार शब्द नाही. नवशिक्याला तिथे दमापेक्षा पाण्याचा अडथळा जास्त दमवतो. शरीर आडवं राहत नसेल तर इंटरव्हल फक्त चुकीचा स्ट्रोक पक्का करतात.

राहिले ते ‘चार महिने’. चार महिन्यांत रेस पूर्ण करणारे असतात, नक्की असतात. त्यांना एवढंच विचारा की त्याआधीची पाच वर्षं काय करत होता. कोणी मॅरेथॉन पळत होतं, कोणी लांब पल्ल्याची सायकल चालवत होतं, कोणी शाळेपासून स्पर्धेत पोहत होतं.