‘शंभरपट जहाल’ म्हणजे नेमके काय?

गेल्या महिन्यात सांगलीच्या माझ्या आत्याने एक अख्खी रात्र पलंगावर बसून काढली. तिचा कर्करोग मणक्यापर्यंत पोचला आहे आणि तिला मॉर्फिनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या चालू आहेत. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन आणि संध्याकाळी सहाला एकेक. मध्यरात्री उठवावे लागू नये म्हणून रात्री दहाला दोन. हे वेळापत्रक उशाशी ठेवलेल्या वहीत लिहिलेले असते. त्या रात्री दादाने, म्हणजे तिच्या मुलाने, दहाच्या दोन गोळ्या दिल्याच नाहीत, कारण दुपारी त्याला व्हॉट्सॲपवर ‘वेदनाशामकांची खरी ताकद’ नावाचा तक्ता आला होता. त्यात मॉर्फिनला १ धरून ट्रामाडॉलला ०.१ आणि फेंटानिलला १०० असे आकडे दिले आहेत आणि खाली निष्कर्ष ठोकून दिले आहेत: आकडा मोठा तितके औषध घातक, मॉर्फिनने श्वास बंद पडतो, ज्याला ते सुरू झाले तो व्यसनी झालाच, ट्रामाडॉल मात्र ‘अमली नाही’, म्हणून घरच्या घरी तेच तेवढ्या पटीत द्यावे. औषधशास्त्र शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत. हे वाचून शांत राहणे मला जमलेले नाही.

शेवटचा सल्ला सर्वांत घातक आहे, म्हणून तोच आधी घेते. आत्याला दिवसाला ६० मिलिग्रॅम मॉर्फिन लागते. तक्त्याच्या हिशेबाने तिला ६०० मिलिग्रॅम ट्रामाडॉल, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या बारा कॅप्सूल द्याव्या लागतील. प्रौढांसाठी ट्रामाडॉलची दिवसाची कमाल मर्यादा ४०० मिलिग्रॅम आहे. त्यापुढे फिट येण्याचा धोका वाढत जातो, आणि नैराश्यावरच्या काही गोळ्या चालू असतील तर तो मर्यादेच्या आतही असतो, कारण हे औषध अफूवर्गीय (मॉर्फिनच्याच जातीचे) असण्याखेरीज मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावरही काम करते. शिवाय यकृतातील एक एन्झाइम त्याचे अधिक प्रभावी द्रव्यात रूपांतर करते. ते एन्झाइम कोणात मंद असते, कोणात फार जलद, त्यामुळे एकाच कॅप्सूलने एकाला काहीच वाटत नाही आणि दुसऱ्याला गुंगी येते. कोडीन या दुसऱ्या अफूवर्गीय औषधाचेही तेच. म्हणूनच अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये वेदनेसाठी ही दोन्ही औषधे बारा वर्षांखालील मुलांना निषिद्ध ठरवली. राहिले ‘अमली नाही’ हे प्रमाणपत्र. भारत सरकारने एप्रिल २०१८ मध्येच ट्रामाडॉल एनडीपीएस या अमली पदार्थांवरील कायद्याखाली आणले आहे.

आता हा ०.१ कुठला? अमेरिकेतील सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत ट्रामाडॉलचा गुणक (मॉर्फिनच्या तुलनेतल्या ताकदीचा आकडा) ०.१ होता, २०२२ च्या आवृत्तीत तोच ०.२ झाला. सहा वर्षांत औषध बदलले नाही, अंदाज बदलला आणि कागदावरची ताकद दुप्पट झाली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एका औषधावरून दुसऱ्यावर नेताना मात्रा ठरवण्यासाठी हे गुणक वापरू नयेत, असे त्याच मार्गदर्शिकेत स्पष्ट बजावले आहे. रुग्णाच्या अंगात अफूवर्गीय औषधांचा एकूण भार किती आहे याचा अंदाज डॉक्टरांना यावा, एवढ्यासाठी ते गुणक आहेत. तक्ता बनवणाऱ्याने आकडे उचलले आणि सूचना तिथेच सोडली.

फेंटानिलचे ‘शंभरपट’ हे वजनाचे माप आहे: तेवढ्याच परिणामाला ते वजनाने शंभरपट कमी लागते, इतकेच. आमटीत दोन लवंगी मिरच्या घातल्या काय आणि दहा बेडगी घातल्या काय, तिखटपणा सारखाच राखता येतो. तासाला २५ मायक्रोग्रॅम सोडणारा फेंटानिलचा पॅच (कातडीवर चिकटवायची औषधी पट्टी) दिवसभरात ०.६ मिलिग्रॅम औषध देतो, आणि सीडीसीच्याच गुणकाने ते तोंडावाटे घेतलेल्या ६० मिलिग्रॅम मॉर्फिनच्या आसपास येते, म्हणजे आत्याच्या सध्याच्या गोळ्यांइतकेच. पॅचचे खरे धोके तक्त्यात कुठेच नाहीत: ज्याला अशी औषधे सवयीची नाहीत त्याला तो लावणे, पॅचवर गरम पाण्याची पिशवी ठेवणे (उष्णतेने औषध वेगाने शोषले जाते) आणि पॅच काढल्यावरही कातडीत साठलेले औषध कित्येक तास रक्तात उतरत राहते हे विसरणे. अमेरिकेत रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या बेकायदा फेंटानिलने माणसे मरतात हे खरेच आहे, पण त्या पुडीत किती औषध आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते; पॅचवर ते छापलेले असते.

श्वासाचे म्हणाल, तर मात्रा एकदम वाढवली, झोपेच्या गोळ्या किंवा दारू सोबत आली, किंवा मूत्रपिंडे थकलेली असताना मात्रा कमी केली नाही, तर मॉर्फिनने श्वास मंदावतो. पायरीपायरीने वाढवताना बहुधा आधी झोपाळूपणा दिसतो आणि तिथेच थांबता येते. व्यसनाबाबत मात्र मला थोडे मागे यावे लागते. पर्ड्यू या अमेरिकी कंपनीने ऑक्सिकोडोन या अफूवर्गीय वेदनाशामकाची गोळी कमी व्यसनकारक असल्याचे भासवून विकली आणि २००७ मध्ये न्यायालयात त्याबद्दल गुन्हा कबूलही केला, त्यामुळे दादाची भीती अगदीच हवेतली नाही. पण शरीराला औषधाची सवय होणे, ज्यामुळे ते एकदम बंद करता येत नाही, आणि औषधामागे धावत सुटणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वेळेवर मोजून दिलेल्या गोळीची वाट पाहणारी आत्या दुसरीत मोडत नाही. रुग्णांना मॉर्फिन मिळणे सोपे व्हावे म्हणून आपल्याकडे २०१४ मध्ये हाच एनडीपीएस कायदा सुधारला. दुकानातला अडथळा कमी झाला आणि आता घरातच अडते आहे.

मॉर्फिनचा जो त्रास जवळजवळ प्रत्येकाला होतो आणि मळमळ काही दिवसांत ओसरते तसा ओसरत नाही, त्या बद्धकोष्ठतेबद्दल तक्त्यात एक अक्षर नाही. दादाने त्यावर इसबगोल आणून ठेवले होते. पाणी कमी पिणाऱ्या रुग्णाला त्याने उलट कोंडते. इथे आतड्याला चालना देणारे सोनामुखीसारखे औषध लागते. डॉक्टरांना विचारून ते आता वहीत रात्री दहाच्या ओळीत, दोन गोळ्यांच्या शेजारी, दादाच्याच अक्षरात लिहिलेले आहे.