पावसाने धातू धुऊन जात नाहीत

भाताची लावणी आटोपली की एक संदेश मोबाइलवर फिरू लागतो. त्यात म्हटलेले असते, की कोकणात धो धो पाऊस पडत असल्याने मातीतले शिसे, कॅडमियम, आर्सेनिक समुद्रात वाहून जाते; शेणखतावरच्या पिकात धातू नसतात; मृदा आरोग्य पत्रिका चांगली असली की चिंता नको; आणि उरलेसुरले मिठाच्या पाण्यात भाजी धुतल्यावर निघून जाते.

पावसाचा दावा सर्वांत पटण्याजोगा असल्याने तोच नीट तपासायला हवा. वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस मातीतून बरेच काही नेतो हे खरे; पण तो नेतो ते मुख्यतः चुना, मॅग्नेशियम आणि पालाश. मागे राहतात लोह व अॅल्युमिनियमची ऑक्साइडे, म्हणजे जांभ्याचा तांबडा रंग, आणि त्यांच्यासोबत आम्लता. शिसे वरच्या थराला चिकटून पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहते, तर कॅडमियम आम्ल मातीत कणांपासून सुटून मुळांच्या हाती लागते. म्हणजे धातूला जखडून ठेवणारा चुनाच पाऊस धुऊन नेतो. जपानमधील तोयामा प्रांतही काही कोरडा नाही. तरी तिथे खाणीतले कॅडमियम जिंझू नदीच्या पाण्यातून भातखाचरांत साचले आणि त्यातून ओढवलेला ‘इताई-इताई’ हा हाडांचा वेदनामय आजार प्रदूषणजन्य असल्याचे सरकारने 1968 मध्ये मान्य केले.

खाचरातले पाणी हा आणखी गुंतागुंतीचा भाग आहे. तांबड्या मातीतील लोहाची ऑक्साइडे आर्सेनिक धरून ठेवतात, हे आपल्या मातीच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. परंतु खाचर तुंबून राहिले की मातीतला प्राणवायू संपतो, ही ऑक्साइडे विरघळू लागतात आणि बांधलेले आर्सेनिक मोकळे होते; कॅडमियमचे मात्र उलट, ते तुंबलेल्या पाण्यात अडकून राहते आणि दाणा भरताना शेत आटले की सुटते. अर्थात आपले खरिपाचे भात पावसावर होते, भूजलावर नव्हे, म्हणून बंगालमधल्या भूजलातील आर्सेनिकचे भय येथे जसेच्या तसे दाखवणेही चुकीचे ठरेल. खरी नजर ठेवायची ती लोटे, महाड, रोहा यांसारख्या औद्योगिक वसाहतींच्या खालच्या अंगाच्या आणि कचरा टाकलेल्या जागांलगतच्या शेतांवर.

शेणखताबद्दल एवढेच, की खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी किलोमागे कॅडमियम 5 आणि शिसे 100 मिलिग्रॅम अशा मर्यादा घातलेल्या आहेत. सेंद्रिय खतातून धातू येतच नसते, तर या मर्यादांची गरजच पडली नसती. स्फुरदाच्या रासायनिक खतातही खनिजातून आलेले कॅडमियम असू शकते, हेही तितकेच खरे.

मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटक तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल वा विम्ल आहे त्याचे माप), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. त्यांत शिसे, कॅडमियम, आर्सेनिक नाहीत. जे तपासलेच नाही त्याचे प्रमाणपत्र पत्रिका कसे देणार? तिच्यातला सामूचा आकडा मात्र कामाचा आहे; तो खूप कमी असेल तर शिफारशीप्रमाणे चुना घातल्याने कॅडमियमचे शोषण घटते, आणि धातूंची शंका असलेल्या मळ्यात पालक, माठ अशा पालेभाज्या न घेणे शहाणपणाचे, कारण पाने फळांपेक्षा जास्त कॅडमियम साठवतात.

राहिले धुणे. पानावरची शिशाची धूळ साध्या पाण्यानेही पुष्कळ जाते; पेशींत शिरलेले कॅडमियम मिठानेही निघत नाही. भातातले आर्सेनिक मात्र जास्त पाण्यात शिजवून ते पाणी ओतून दिल्यास बरेच कमी होते. पण आपल्याकडे ते पाणी ओतून देतो कोण? तीच पेज आजाऱ्याला आणि लहान मुलाला आधी वाढली जाते.