बारवीचं पाणी वांगणीला चढत नाही

"बारवीचे सगळे दरवाजे उघडले. अर्ध्या तासात वांगणी, बदलापूर, ठाणे पाण्याखाली. टाटांनीही पाणी सोडलंय." बदलापूरजवळच्या बारवी धरणाबद्दलचा हा मेसेज दर पावसाळ्यात नव्याने फिरतो. यंदा तो बदलापूरच्या मावशीपर्यंत पोचला आणि तिने भर रात्री फ्रिज विटांवर चढवला. म्हणून एकदाच लिहितो.

आधी वांगणी. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरातून उतरते आणि कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर या क्रमाने उत्तरेला वाहते. धरण ज्या नदीवर आहे ती बारवी तिला मिळते ती बदलापूर मागे पडल्यावर. म्हणजे बारवीचं पाणी वांगणीला न्यायचं तर नदी उलटी वाहायला हवी. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे अडकली, तेव्हाही खापर बारवीवरच फोडलं होतं. गाडी संगमाच्या वरच्या अंगाला उभी होती, हे कुणी नकाशात पाहिलंच नाही.

आणि दरवाजे 'उघडले' कुणी? बारवीचे दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ७२.६० मीटरच्या वर गेलं की ते आपोआप उघडतात. रात्री गुपचूप चावी फिरवणारा माणूस तिथे नसतो.

एक मान्य करावं लागेल. खाली बारवी भरून वाहत असेल आणि कल्याणच्या खाडीत भरती असेल, तर वरच्या पाण्याचा निचरा रेंगाळतो. पण फुगवटा वेगळा आणि लोंढा वेगळा.

अर्ध्या तासाचं गणित तर हास्यास्पद आहे. बदलापूरचं पुराचं पाणी येतं ते वरून, कर्जतकडून. कर्जत ते बदलापूर रेल्वेनेच ३२ किलोमीटर, नदीच्या वळणांनी त्याहून जास्त. पुराचा वेग सेकंदाला दोन मीटर धरला, तरी साडेचार तास लागतात. घाटात कोसळलेला पाऊस बदलापुरात उशिरा दिसतो तो यामुळेच. इथे ऊन पडलेलं असतं आणि नदी चढत असते.

टाटांचं पाणी खरं आहे. त्यांच्या ठोकरवाडी धरणाचं पाणी भिवपुरीच्या वीजघरातून पेज नदीत आणि तिथून उल्हासमध्ये येतं. पण ते बारमाही येतं, मे महिन्यात नदी वाहती दिसते ती त्याच्याच जोरावर. टर्बाइनमधून जाईल तेवढंच पाणी खाली उतरतं. पूर येतो तो घाटातल्या पावसाने.

ठाण्याचं काय? उल्हासचा मुख्य प्रवाह घोडबंदरच्या बाजूने वसईच्या खाडीत जातो, ठाणे खाडीकडे फक्त एक फाटा वळतो. शहरात पाणी तुंबतं ते येऊरच्या डोंगरातून येणारे नाले आणि भरती एकत्र आल्यामुळे.

मावशीसाठी आकडे दोनच. बदलापूरला उल्हासची इशारा पातळी १६.५० मीटर, धोका पातळी १७.५०. पावसात प्रशासन नदीची त्या वेळची पातळी जाहीर करत असतं, मेसेजऐवजी ती बघायची. १६.५० झाली की आधी तळमजल्याच्या पार्किंगमधली गाडी काढायची, मग कागदपत्रं वरच्या मजल्यावर. फ्रिज शेवटी.