ग्रीनस्टेडचं चर्च ८४५ सालचं नाहीये हो

इंग्लंडला फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक फोटो सारखा येतोय, एसेक्समधल्या ग्रीनस्टेडच्या सेंट अँड्र्यूज चर्चचा. खाली मजकूर असा की ही जगातली सर्वात जुनी लाकडी इमारत, सन ८४५ ला बांधलेली, तेव्हापासून जशीच्या तशी, राजा एडमंडचा (नवव्या शतकातला, पुढे संत मानला गेलेला राजा) देह १०१३ मध्ये याच भिंतींच्या आत ठेवला होता, आणि कुष्ठरोग्यांना बाहेरूनच आतली प्रार्थना बघता यावी म्हणून भिंतीत खास झरोका ठेवलाय. चर्च ग्रेड वन लिस्टेड (म्हणजे इंग्लंडच्या संरक्षित वास्तूंमधल्या सर्वात वरच्या श्रेणीतलं) आहे आणि खरंच भारी आहे, पण मजकुरात घोळच घोळ.

जगातली सर्वात जुनी लाकडी इमारत? जपानमधलं होर्युजी मंदिर याच्या कितीतरी आधीचं आहे, विषय संपला. अजून उभं असलेलं सर्वात जुनं लाकडी चर्च बहुधा हे, एवढं म्हणा ना, तेही काय कमी आहे का.

आता ८४५. हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही, १९६० च्या सुमाराला लाकडातली वर्षवलयं मोजून तो आला होता, म्हणून जुन्या माहितीत तोच सापडतो. पण १९९५ ला परत तपासणी झाली तेव्हा शिल्लक राहिलेली वलयं १०५३ पर्यंत पोचली. ओकचा सालीलगतचा कोवळा थर किडतो किंवा तासताना निघून जातो, त्यामुळे त्याची १० ते ५५ वर्षं अंदाजाने वर मिळवावी लागतात, म्हणजे झाडं तोडली ती साधारण १०६३ ते ११०८ च्या मधे कधीतरी. आणि बरोब्बर याच काळात, १०६६ ला, फ्रान्सकडून नॉर्मन आले आणि त्यांनी तिथल्या सॅक्सन लोकांकडून इंग्लंड जिंकलं! त्यामुळे पद्धत सॅक्सन असली तरी भिंती उभ्या राहिल्या तेव्हा गादीवर नॉर्मन राजा असू शकतो, आणि मला विचाराल तर हे त्या ८४५ पेक्षा जास्त इंटरेस्टिंग आहे.

यातच एडमंडचा मुद्दाही निकालात निघतो. लंडनहून बरी सेंट एडमंड्स या गावी परत नेताना त्याचा देह या भागातल्या एका लाकडी चॅपलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरात, ठेवला अशी जुनी परंपरा आहे, आणि १९६० च्या उत्खननात इथे खाली आधीच्या लाकडी बांधकामांच्या खुणाही मिळाल्यात, तेव्हा जागा हीच असेलही. पण १०१३ ला आजच्या भिंती नव्हत्याच, त्या ओकची झाडं अजून जंगलात वाढत होती.

"जशीच्या तशी" तर वाचून हसूच आलं. जुनं आहे ते फक्त लोक बसतात त्या मधल्या भागातल्या भिंतींचं लाकूड, उभे चिरलेले ओकचे ओंडके, कडेला खाच पाडून मधे लाकडी पट्टी सरकवलेली, म्हणजे फटीतून वारा येऊ नये. वेदीकडचा भाग विटांचा, साधारण १५०० चा, छपरातल्या खिडक्याही नंतरच्या, आणि १८४८ च्या सुमाराला ओंडक्यांची कुजलेली टोकं कापून सगळी भिंत विटांच्या जोत्यावर बसवली.

आणि तो झरोका, तो बहुधा पवित्र पाण्याचा कोनाडा असावा, आत येताना बोटं बुडवायचा. कुष्ठरोग्यांना गावच्या लोकांत मिसळायला बंदी, त्यांच्या आश्रमांना बऱ्याचदा स्वतःचं चॅपल असायचं, मग ते गावच्या चर्चला येऊन भिंतीला डोळा कशाला लावतील? इंग्लंडमधल्या कितीतरी चर्चमधल्या कुठल्याही भोकाला हीच गोष्ट चिकटवलेली आहे.